चिठ्ठी देऊ नका, चाचणी करा: व्यसनमुक्ती केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशनासाठी कसं तयार करायचं

व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या माणसाला एचआयव्ही चाचणीसाठी चिठ्ठी लिहून दुसरीकडे पाठवलं की आपलं काम झालं, असं आपल्याला वाटतं. चिठ्ठी खिशात जाते आणि खिशासकट धुण्यात जाते. अमेरिकेतल्या १२ उपचार केंद्रांमध्ये १,२८१ जणांबरोबर हे नीट तपासून पाहिलं गेलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेर पाठवलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांच्याच हातात निकाल पडला. केंद्रातच रॅपिड टेस्ट केलेल्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हा समुपदेशकांना जरा झोंबणारी आहे. चाचणीच्या वेळी सविस्तर समुपदेशन मिळालेला गट आणि फक्त थोडक्यात माहिती मिळालेला गट, यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या असुरक्षित लैंगिक संबंधांत काही फरक दिसला नाही.

तुमच्यावर टीमला शिकवण्याची जबाबदारी आली असेल, तर प्रशिक्षणाची आखणी इथूनच सुरू करा. तासभर भाषण देणारे समुपदेशक घडवायचे नाहीत. ज्याच्यावर रुग्णाचा आधीच विश्वास बसलेला आहे, त्याच माणसाला त्याच खोलीत न घाबरता चाचणी करता यावी, मोजकं आणि कामाचं बोलता यावं, आणि पुढच्या उपचारापर्यंत रुग्णाला स्वतः नेऊन पोचवता यावं, एवढं साधायचं आहे.

आधी कागद

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवा. तुमच्याकडच्या नियमांनुसार बोटाला टोचून रक्त कोण घेऊ शकतं, संमती किती वयापासून आणि कोणत्या स्वरूपात घ्यायची, आणि निकालाची माहिती कोणाकोणाला देता येते. हे देशागणिक बदलतं, ऐकीव माहितीवर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे की नीट प्रशिक्षण दिलं तर डॉक्टर किंवा नर्स नसलेली व्यक्तीही रॅपिड टेस्ट करू शकते. स्थानिक नियम आड येत नसतील तर फक्त नर्सना निवडू नका. समुपदेशक घ्या, आणि व्यसनातून स्वतः बाहेर पडलेले सहकारी असतील तर त्यांना आवर्जून घ्या. सुई कुठे वाटली जाते आणि कोणत्या वेळी वाटली जाते, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

मग कर्मचाऱ्यांच्या मनातलं

हा भाग बहुतेक प्रशिक्षणांत अर्ध्या तासात उरकला जातो. मी त्याला अर्धा दिवस देतो. सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि नाव न घालता एचआयव्हीबद्दलची आपली भीती किंवा शंका लिहायला सांगा. घाम, डास, एकाच भांड्यातलं पाणी, असं सगळं त्यात निघतं, आणि निघतं ते शिकल्यासवरलेल्या लोकांकडून. हसू नका. एकेक चिठ्ठी वाचून उत्तर द्या: रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतूनच विषाणू पसरतो. लाळ, घाम आणि स्पर्श यांतून पसरत नाही.

आकडेही सांगा, ते भीतीला योग्य मापात आणतात. लागण झालेल्या माणसाने वापरलेली सुई टोचण्यासाठी एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता साधारण १०,००० मध्ये ६३. काम करताना कर्मचाऱ्याला चुकून सुई टोचली तर ती १०,००० मध्ये २३. ऐकायला दोन्ही आकडे लहान वाटतात. पण कर्मचाऱ्याचा अपघात वर्षानुवर्षांत एखादा होतो, आणि सुई वाटून घेणारा माणूस तोच धोका दिवसातून अनेकदा घेतो. शिवाय समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू खूप जास्त असतात आणि धोका वाढतो.

याहून अवघड गाठ निराळी आहे. बऱ्याच केंद्रांचा सगळा भर संपूर्ण व्यसनमुक्तीवर असतो. तिथे स्वच्छ सुईबद्दल बोलणं म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणं, असं काही जणांना मनापासून वाटतं. त्यांना गप्प करू नका, वाद होऊ द्या. मात्र दोन मुद्दे टेबलावर ठेवा. पहिला असा की व्यसनाकडे पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, आणि घसरलेल्या माणसाला त्या रात्री एचआयव्हीची शिक्षा मिळावी असं आपल्यापैकी कोणीच म्हणणार नाही. दुसरा मुद्दा त्यांच्याच कामाचा आहे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (अफूजन्य नशेऐवजी देखरेखीखाली द्यायची औषधं) यांचा नियमित उपचार घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची लागण सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१२ मध्ये दिसलं. म्हणजे औषधाच्या खिडकीत बसलेला कर्मचारी रोजच एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करतो आहे, फक्त त्याला तसं कोणी सांगितलेलं नाही.

विंडो पिरियड: सगळ्यांना तोंडपाठ हवा

लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. तो चाचणीगणिक वेगळा असतो. फक्त अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात, आणि बऱ्याच रॅपिड टेस्ट याच प्रकारच्या असतात. अँटिबॉडीसोबत अँटिजेन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधणारी बोटाच्या रक्तावरची अँटिजेन-अँटिबॉडी रॅपिड टेस्ट १८ ते ९० दिवसांत लागण पकडते. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी १८ ते ४५ दिवसांत, तर विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत. केंद्रात कोणतं किट येणार आहे ते पाहून त्याचा आकडा भिंतीवर लावा.

यातूनच प्रत्येक कर्मचाऱ्याच्या ओठांवर असायलाच हवा असा एक प्रश्न निघतो: शेवटचं कधी? शेवटची सुई कधी वाटली, शेवटचा निरोधाशिवायचा संबंध कधी आला? उत्तर ७२ तासांच्या आतलं असेल तर गप्पा आवरत्या घ्या आणि लगेच पेपची सोय करा. संभाव्य लागणीनंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सुरू करून २८ दिवस घ्यायची ती औषधं. उत्तर चार आठवड्यांपूर्वीचं असेल तर आजची चाचणी करा, पण फेरचाचणीची तारीख त्याच वेळी द्या.

आणखी एक खाचखळगा. जो आधीच एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) घेतो आहे किंवा लागण टाळण्यासाठी प्रेप घेतो आहे, त्याच्या रॅपिड टेस्टचा निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे 'सध्या कोणती औषधं चालू आहेत' हे आधी विचारायचं. माझा एचआयव्ही बरा झाला का ते बघा, म्हणून चाचणीला बसलेला माणूस तुम्हालाही कधीतरी भेटेल.

हाताचा सराव

इथे बोलणं कमी, हात जास्त. किटसोबतची पत्रिका प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावा. एका किटची सवय दुसऱ्या किटला लावणं ही अनुभवी लोकांची ठरलेली चूक आहे: कुठे रक्ताचा पहिला थेंब पुसायचा असतो, कुठे बफरचे (किटसोबतच्या द्रावणाचे) थेंब वेगळे, कुठे वाचायची वेळ वेगळी. मुदत संपण्याची तारीख, साठवणुकीचं तापमान, सपाट टेबल, पुरेसा उजेड आणि टायमर. मनगटावरचं घड्याळ चालणार नाही, कारण बोलताना ते पाहायचं राहतं. ठरलेल्या वेळेआधी वाचलेला निकाल जितका निरुपयोगी, तितकाच वेळ टळून गेल्यावर वाचलेला.

कंट्रोल रेषा (किट नीट चाललं हे दाखवणारी) उमटली नाही तर चाचणी बाद, नव्या किटवर पुन्हा करायची. चाचणीची रेषा अगदी फिकट असली तरी ती रेषाच. 'फिकट आहे म्हणजे थोडासा पॉझिटिव्ह' असं काही नसतं, आणि फिकट आहे म्हणून दुर्लक्षही करायचं नसतं. वापरलेला लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) थेट सुयांच्या जाड डब्यात टाकायचा. सुईवर टोपण परत बसवायचं नाही. स्वतःला टोचलंच, तर जागा साबणपाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, आणि पेपसाठी लगेच कळवायचं. त्या वेळी कोणाला फोन करायचा हे प्रशिक्षणातच ठरलेलं हवं.

सरावासाठी प्रशिक्षणार्थींना एकमेकांची चाचणी करायला लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद करा. कोणाचा तरी निकाल सहकाऱ्यांसमोर टेबलावर उघडा पडू शकतो, आणि नकार देणाऱ्याकडेही सगळे पाहू लागतात. रक्त काढण्याचा सराव एकमेकांच्या बोटावर करा, हवं तर थेंब पुसून टाका. किट चालवण्यासाठी मात्र आधीच निकाल माहीत असलेले गुणवत्ता-नियंत्रणाचे नमुने मागवा. त्यांत एक फिकट रेषेचा नमुना जरूर असू द्या.

रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे

चाचणीची रेषा उमटली की निकाल रिॲक्टिव्ह, पण त्याने लागण पक्की ठरत नाही. हे फळ्यावर हिशेब करून दाखवल्याशिवाय पटत नाही. समजा १,००० जणांची चाचणी केली आणि त्यांत खरोखर लागण झालेले १० आहेत. लागण नसलेल्यांपैकी ९९.५ टक्के लोकांना किट बरोबर निगेटिव्ह ठरवतं. तरी उरलेल्या ९९० पैकी जवळपास ५ जणांच्या किटवर खोटी रेषा उमटेल. म्हणजे दिसलेल्या १५ रेषांपैकी ५ खोट्या. म्हणूनच लागण झाल्याचं निदान पक्कं करण्यासाठी लागोपाठ तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. तुमच्याकडचा ठरलेला क्रम वेगळा असेल तर तो पाळा, पण एका रेषेवर 'तुम्हाला एचआयव्ही आहे' हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही.

बोलणं: थोडकं, पण नेमकं

चाचणीआधीच्या बोलण्याला दहा मिनिटं पुरतात. कशाची चाचणी, निकाल किती वेळात, कोणाला कळेल, कोणाला कळणार नाही, आणि नाही म्हटलं तरी इथल्या उपचारावर काही परिणाम होणार नाही. हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. व्यसनमुक्ती केंद्रात आलेला माणूस आधीच घरच्यांच्या, कधी न्यायालयाच्या दबावाखाली असतो. त्याचा होकार हा खराच होकार आहे का, हे पाहणं आपलं काम. नशेत असलेल्या किंवा विथड्रॉवलने थरथरणाऱ्या माणसाची संमती संमती नसते. दोन दिवस थांबा. पण मधल्या काळात 'शेवटचं कधी' हा प्रश्न विसरू नका, कारण पेपचे ७२ तास थांबत नाहीत.

चाचणी सगळ्यांना सुचवा. चेहरा पाहून किंवा फक्त इंजेक्शन घेणाऱ्यांनाच निवडू नका. दारूच्या किंवा उत्तेजक द्रव्यांच्या अंमलाखाली निरोध राहून जातो, नशेच्या मालाच्या बदल्यात शरीरसंबंधही होतात, आणि हे लोक स्वतःला एचआयव्हीच्या धोक्यात धरतच नाहीत. 'आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकाला ही चाचणी सुचवतो, तुमचीही करू या का?' एवढं पुरे.

धोका कमी करण्याच्या बोलण्यात प्रश्नाची घडण महत्त्वाची. 'तुम्ही सुया वाटून घेता का?' या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: नाही. त्याऐवजी असं काहीतरी:

'दादा, शेवटचं इंजेक्शन घेतलंत तेव्हा सुई कुठून आणली होती?'
'दुकानातून. नवीच होती.'
'आणि माल कोणी भरला? पाणी, चमचा, कापूस कोणाचा होता?'
'ते... एकाच चमच्यातून तिघांनी ओढलं.'

इथे खरी माहिती मिळाली. चमचा, पाणी, गाळायचा कापूस यांतूनही रक्ताचा अंश एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण तो विषाणू शरीराबाहेर चिवट असतो. यावर लगेच व्याख्यान सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरायला शिकवणं म्हणजेच हे प्रशिक्षण. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत तुमच्या समुपदेशकांना व्यसनाच्या कामामुळे बहुधा माहीत असेलच. तीच इथे वापरा: 'पुढच्या वेळी तशीच परिस्थिती आली तर यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला वेगळी करता येईल असं वाटतं?' उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. 'मी माझा चमचा वेगळा ठेवीन' हे त्याचं वाक्य तुमच्या पाच सल्ल्यांपेक्षा जास्त टिकतं. मग साधनं हातात द्या: निरोध, स्वच्छ सुया कुठे मिळतात याची माहिती, आणि अफूजन्य नशा करणाऱ्याला नॅलॉक्सोन, म्हणजे नशेची मात्रा जास्त झाली तर जीव वाचवणारं औषध. डिटॉक्सनंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो, हेही त्याच बैठकीत सांगा.

प्रेपबद्दलही सांगायला विसरू नका. बँकॉकमध्ये इंजेक्शनने नशा करणाऱ्यांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या टेनोफोविरच्या गोळीने लागण सुमारे ४९ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनंही आता निघाली आहेत.

निकाल सांगण्याची तालीम

रोल-प्लेमध्ये निगेटिव्ह निकालाला पाच मिनिटं द्या: विंडो पिरियड, फेरचाचणी, प्रेप. बाकी सगळा वेळ रिॲक्टिव्ह निकालाला.

नवखा कर्मचारी प्रस्तावना करत बसतो. समोरच्याला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळून चुकतं, आणि मग पुढचं काही ऐकू जात नाही. निकाल पहिल्याच वाक्यात, साध्या शब्दांत द्यायचा: 'तुमची पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली आहे. म्हणजे लागण असू शकते, आणि ते पक्कं करायला आपल्याला आणखी चाचण्या कराव्या लागतील.' मग गप्प बसायचं. तालमीत मी टायमर लावून पूर्ण एक मिनिट शांत बसायला लावतो. सगळ्यांना ते मिनिट खायला उठतं, पण प्रत्यक्षात त्या माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो.

निकाल पक्का झाल्यावर दोन प्रश्न सरळ विचारायला शिकवा: 'जीव द्यावा असा विचार मनात येतोय का?' आणि 'आत्ता नशा करावीशी वाटतेय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. याच कारणाने चाचणीचा दिवस निवडताना डोकं वापरा. सुटीवर घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा डिस्चार्जच्या दिवशी निकाल हातात ठेवून माणसाला एकटं सोडू नका. जोडीदाराला कळवण्याबद्दल बोलताना आधी घरात मारहाणीची भीती आहे का ते विचारा. असेल तर घाई नको.

हात धरून पोचवणं

पुन्हा चिठ्ठीवर यायचं नाही. एआरटी केंद्रातल्या एका ठरावीक माणसाशी प्रशिक्षणाआधीच ओळख करून ठेवा आणि पहिल्या भेटीला रुग्णासोबत कर्मचारी पाठवा. लागण पक्की झालेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी, एआरटी द्यावी ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची शिफारस आहे. 'आधी व्यसन सोड, मग गोळ्या' हे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि रुग्णाच्या बाजूने तसं सांगायची तयारी कर्मचाऱ्याकडे हवी.

रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. माणसाचा चेहरा बदलतो. मात्र हे लैंगिक संबंधापुरतंच सिद्ध झालेलं आहे, वाटून घेतलेल्या सुईला लागू करायचं नाही.

मेथाडोन देणाऱ्या केंद्रांसाठी एक खास सूचना. एचआयव्हीवरची एफाविरेन्झ, नेव्हिरापिन आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यांमुळे रक्तातलं मेथाडोन घटतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रुग्ण 'डोस पुरत नाही' म्हणू लागतो आणि आपण त्याला लबाड ठरवतो. तो खरं बोलत असतो. डॉक्टरांना कळवा, मेथाडोनचा डोस वाढवावा लागू शकतो. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाचा असा त्रास नाही. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी याच वेळी करून घ्या. सीवर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी इलाज होतो, बीची लस आहे.

गुपित कुठून फुटतं

फाइलवर लाल खूण, फळ्यावर नावापुढे चांदणी, गटचर्चेत 'तुमच्यापैकी ज्यांना कळलंय त्यांनी सांगा' अशी उदार विनंती. बहुतेक वेळा गोपनीयता अशीच फुटते, दुष्टपणाने नाही. दाराबाहेर उभे असलेले वडील 'मी बिल भरतोय, मला सांगा' म्हणतात, त्या प्रसंगाची तालीम नक्की करा. उत्तर पाठ हवं: 'काका, तुमची काळजी कळते. पण हे सांगायचं की नाही ते तोच ठरवेल. त्याची इच्छा असेल तर मी तुमच्या दोघांसोबत बसतो.'

प्रशिक्षण संपल्यावर

प्रमाणपत्र लगेच देऊ नका. प्रत्येकाने आधी अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काही चाचण्या पाहाव्यात, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः कराव्यात, आणि नंतरही अधूनमधून निकाल न सांगितलेले नमुने देऊन हात तपासावा. महिन्यातून एकदा निकाल सांगणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवा. रिॲक्टिव्ह निकाल सांगून आलेला माणूस संध्याकाळी घरी काय घेऊन जातो, हे तिथेच कळतं.

नोंदवहीत चार रकाने पुरे: किती जणांना चाचणी सुचवली, किती जण तयार झाले, किती जणांना निकाल मिळाला, रिॲक्टिव्हपैकी किती जण एआरटी केंद्रात प्रत्यक्ष पोचले. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहा. आणि नकार देणाऱ्याच्या क्रमांकापुढे 'नकार' एवढंच लिहून वही मिटू नका. पुन्हा कधी विचारायचं ती तारीखही त्याच ओळीत टाका.